पाण्याखालचं शिवार, कागदातलं कूळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या आजोबांच्या आजोबांचं नाव काय, असं कुणी अचानक विचारलं तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? श्राद्धाच्या वेळी आपण पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीन नावं घेतो. तिथं आपली आठवण संपते. त्याच्या मागे काय होतं, हा प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारत नाही. विचारला तर तो निवृत्तीनंतरचा छंद समजला जातो. एखादे काका वंशावळ काढत बसतात, लग्नाकार्यात भेटेल त्याला नावं विचारतात आणि घरची मंडळी त्यांना हसतात.

परंतु महाराष्ट्रात असे काही भाग आहेत की जिथं हा प्रश्न छंदाचा नाही. तिथं पणजोबाच्या नावाचा एक जुना कागद सापडला तर मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश टिकतो, आणि नाही सापडला तर जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याचं नाव अहमदनगर होतं त्या जिल्ह्यातला, अकोले तालुक्याचा पश्चिम भाग हा असाच प्रदेश. भंडारदरा, शेंडी, रतनवाडी, घाटघर, साम्रद, बारी ही नावं आपल्याला सहलीमुळे माहीत आहेत. पावसाळ्यात रंधा धबधबा, मेमध्ये काजवे आणि अंगात दम असेल तर १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखर. या गावांत राहणारी माणसं, मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची, आपल्या पूर्वजांचा शोध कशी घेतात, त्यांना काय सापडतं आणि काय सापडत नाही, याविषयी आज बोलायचं आहे.

आधी धरणाविषयी दोन शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगर जिल्ह्याने लागोपाठ दुष्काळ पाहिले. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा हे त्यांतले मोठे. त्यानंतर प्रवरेचं पाणी डोंगरातच अडवायचं ठरलं. १९१० मध्ये भंडारदऱ्याला काम सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन होऊन धरणाला त्यांचंच नाव मिळालं. जलाशयाला साहेबांनी आर्थर लेक म्हटलं. हे पाणी खाली कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे गेलं, तिथं ऊस उभा राहिला आणि पुढे १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखान्याचं चाक फिरलं. ही कथा आपण शाळेत वाचतो. वरच्या खोऱ्यातलं काय, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसतं.

एक योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. ज्या १९१० साली इथं धरणाचा पाया खणायला घेतला, त्याच साली पुण्यात वि. का. राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. आणि धरणाचं उद्घाटन झालं त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, राजवाडे धुळ्याला वारले. ती सोळा वर्षं राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, बुरशी लागलेल्या पेट्यांतून कागद गोळा करत होते. पण ते कागद कुणाचे? ज्यांच्याकडे वाडा होता, वतन होतं, दप्तर ठेवायला माळा होता त्यांचे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार. पुढे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले, तेही याच कागदांच्या बळावर. डोंगरातल्या कुडाच्या घरात राहणाऱ्या माणसाकडे मुळात कागदच नव्हता. त्याच्याविषयी जे लिहिलं गेलं ते दुसऱ्याने, दुसऱ्याच कामासाठी लिहिलं.

आता सरकार त्याच्याकडे कागद मागतं. अनुसूचित जमातींची पहिली यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली. त्यामुळे जमातीचा दावा करणाऱ्याने त्या तारखेच्या आधीचा, आपल्या रक्ताच्या नातेवाइकाचा पुरावा आणावा अशी अपेक्षा असते. बोगस दाखल्यांचा सुळसुळाट झाला हेही खरंच. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची आणि दक्षता पथकांची जी पद्धत घालून दिली, ती महादेव कोळी दाखल्याच्याच एका खटल्यात. त्यानंतर दाव्याची चौकशी दोन अंगांनी होऊ लागली. एक म्हणजे कागद, आणि दुसरं म्हणजे तुमच्या घरातले देव, रीतिभाती, लग्नाचे आणि मरणाचे विधी त्या जमातीशी जुळतात का, हे पाहणं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की ही दुसरी चाचणी म्हणजे काही अंतिम कसोटी नव्हे, राज्यघटनेपूर्वीच्या जुन्या कागदाचं वजन सर्वांत जास्त. शहरात तीन पिढ्या राहिलेल्या मुलाला डोंगरातल्या विधींविषयी प्रश्न विचारून अडवायचं, हे त्यामुळे थोडं कमी व्हावं. पण जुन्या कागदाचं वजन वाढलं म्हणजे ज्याच्याकडे तो नाही त्याची अडचणही वाढली.

मग हा कागद असतो कुठे?

सर्वांत उपयोगी पडतो तो कोतवाल बुकाचा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची नोंद पूर्वी गावकामगार ठेवत असत. गाव नमुना नंबर १४ असं त्याचं सरकारी नाव. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यू असेल तर कारण. ‘ताप’, ‘हगवण’, ‘पटकी’, ‘देवी’ अशा एका शब्दात एक आयुष्य मिटलेलं असतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महिन्यांची पानं जिथं टिकली आहेत, तिथं ती नुसती चाळली तरी माणूस गप्प होतो. ही रजिस्टरं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. सगळ्या गावांची आणि सगळ्या वर्षांची मिळतील अशी आशा मात्र धरू नये. वाळवी, पावसाचं पाणी आणि निष्काळजीपणा या तिघांनी आपापला वाटा घेतलेला आहे.

दुसरा आधार शाळेच्या जनरल रजिस्टरचा. घरातलं पहिलं मूल ज्या दिवशी शाळेत गेलं, त्या दिवशी त्या घराचा लिखित इतिहास सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. आज चाळीस-पन्नास माणसांच्या भावकीची वैधता एखाद्या अशा पोरावर उभी असते, जो १९४० च्या सुमारास दोन यत्ता शिकला आणि मग गुरांमागे गेला. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. गुरुजींनी मुलाची उंची पाहिली, एका हाताने डोक्यावरून पलीकडचा कान धरायला लावला आणि लिहून टाकलं, १ जून. महाराष्ट्रात एवढी माणसं १ जूनला कशी जन्मली हे कोडं परदेशी माणसाला सुटणार नाही, आपल्याला सुटतं.

या दोन्ही ठिकाणी खरा घोटाळा होतो तो जातीच्या रकान्यात. लिहिणाऱ्याला पुढे कधी १९५० उजाडणार आहे आणि या एका शब्दावर कुणाचं भवितव्य ठरणार आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने ‘कोळी’ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेला. कधी ‘हिंदू कोळी’, कधी ‘म. कोळी’, कधी ‘डोंगर कोळी’. एकाच बापाच्या दोन मुलांपुढे दोन वेगळे शब्द असू शकतात, कारण मध्ये गुरुजींची बदली झाली. आडनावाचीही तीच गत. जुन्या नोंदींत आडनाव असतंच असं नाही. मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जात, संपलं. पुन्हा नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे एका घरात रामा-लक्ष्मण-रामा-लक्ष्मण असं आलटून पालटून चालतं आणि सापडलेला रामा नेमका कितवा, हे साल जुळवल्याशिवाय कळत नाही.

आडनाव असलं तरी तेवढ्यावर जाऊ नये. १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये महादेव कोळ्यांची चोवीस कुळं दिली आहेत. त्यांत कदम आहेत, पवार आहेत, गायकवाड आहेत, भोसलेही आहेत. ही नावं मराठ्यांत आहेत, इतरांतही आहेत. म्हणून ‘आमचं आडनाव अमुक, म्हणजे आम्ही अमुक राजाचे वंशज’ असं कुणी सांगू लागलं की मी तरी सावध होतो. वंशावळ रचणाऱ्यांना यजमानाला सूर्यवंशापर्यंत नेऊन पोचवण्याची घाई असते, कारण दक्षिणा तिथं मिळते.

कागद शोधताना भूगोल पक्का हवा. इंग्रजी कागदांत अकोले तालुक्याचं स्पेलिंग बहुधा ‘अकोला’ असं केलेलं आढळतं. ते वाचून कुणी वऱ्हाडातल्या अकोल्याची गाडी पकडली तर दोष त्याचा नाही. दुसरं म्हणजे १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी तो बराचसा मुलूख नगरच्या कलेक्टराखाली होता, तेव्हा इगतपुरीकडच्या नातेवाइकांचे जुने संदर्भ नगरच्या कागदांत निघू शकतात. आणि तिसरं म्हणजे घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. उत्तरेला इगतपुरी, दक्षिणेला हरिश्चंद्रगड ओलांडला की जुन्नर, आंबेगाव. सरकारी हद्दी डोंगराच्या धारेवरून गेल्या, पण सोयरीक घाटवाटांनी खाली-वर होत राहिली. मुलगी घाटाखाली दिली, सून जुन्नरकडून आणली. त्यामुळे एका घराचा इतिहास तीन-चार जिल्ह्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये वाटला गेलेला असतो. त्यात वाड्यांची भर. वाडीला स्वतःचं दप्तर नसतं, तिची नोंद मूळ महसुली गावात. ‘आमच्या गावाचं काहीच सापडत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला आधी विचारावं, बाबा रे, तुझी वाडी कोणत्या गावात मोडत होती?

कागद हाती आला तरी तो वाचता यायला हवा. जुने कागद मोडीत. आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत शाळेत मोडी शिकवत होते आणि दोन पिढ्यांत ती अशी गेली की घरातल्या पेटीतलं आपल्याच पणजोबाचं पत्र आपल्याला परक्या लिपीतलं वाटतं. सरकारचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग चालवतं, त्यांना जरूर जावं. सराव झाला की शब्द ओळखीचे होतात. ‘राघू बिन रामा’ म्हणजे रामाचा मुलगा राघू. ‘वलद’ आलं तरी अर्थ तोच. ‘सखू कोम लक्ष्मण’ म्हणजे लक्ष्मणाची बायको सखू. सालांचं गणित थोडं किचकट आहे, पण अवघड नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, वर्षाच्या अखेरचे काही महिने असतील तर ७९. दख्खनी फसली सालात ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३२० हे १९१०-११. पेशवाईतल्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेलं शुहूर सन असतं, त्यात ५९९ किंवा ६००. एवढं आलं की निम्मं काम झालं.

२०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. वर्षानुवर्षं न उघडलेली कपाटं उघडली गेली. राजकारण बाजूला ठेवू. पण आपल्या तालुक्याच्या कचेरीत शंभर वर्षांपूर्वीचं पान आहे आणि त्यावर आपल्या माणसाचं नाव असू शकतं, ही गोष्ट खेड्यापाड्यांत पोचली ती त्या निमित्ताने.

जमिनीच्या कागदांची कथा आणखी लांब. सातबारा आपल्या परिचयाचा. पण घराण्याचा शोध घेणाऱ्याने सातबाऱ्यावर थांबू नये, त्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक टिपून मागे मागे जावं. फेरफार म्हणजे नमुना ६. तो का झाला हे त्यात लिहिलेलं असतं. खातेदार मयत, अमुक तारखेस, वारस अमुक अमुक. वारसांची वेगळी नोंदवही असते, नमुना ६-क. विधवा, अज्ञान मुलगा, त्याचा पालनकर्ता चुलता, अशी माणसं तिथं एका ओळीत उभी राहतात. भांडणं, वाटण्या, गहाणवटी, सगळं. ज्या घरात वाद झाले त्याचा इतिहास जास्त मिळतो, हे सांगायला नको.

कर्जाचेही कागद असतात. १८७५ च्या दंग्यांनंतर, ज्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू झाला आणि कुणब्याने करून दिलेला रोखा गावच्या रजिस्ट्रारपुढे नोंदवणं भाग पडलं. म्हणजे ज्याच्या मालकीचं काहीच उरलं नव्हतं त्याचंही नाव, बापाचं नाव, गाव आणि अंगठा सरकारदरबारी राहण्याची सोय झाली. कर्जापायी राहिलेली ही आठवण आहे, पण आठवण आहे.

आणि भंडारदऱ्याच्या बाबतीत आणखी एक कागद, भूसंपादनाचा निवाडा. १८९४ च्या कायद्याने जमीन घेताना सरकारला सर्व्हे नंबर, क्षेत्र, कब्जेदाराचं नाव आणि ठरलेला मोबदला लिहावा लागे. सरकारी गॅझेटात जाहिराती निघत. आपल्या पणजोबाचं शिवार आज पाण्याखाली आहे, तिथं बांध नाही, झाड नाही, दाखवायला काहीच नाही, अशा घराला निवाड्यातली ती एक ओळ म्हणजे सातबाराच. दुर्दैव असं की कब्जेदार म्हणून ज्याचं नाव आहे त्यालाच मोबदला. जो दुसऱ्याची जमीन कसत होता, जो जंगलात राब जाळून नाचणी-वरई काढत होता, त्याचं नाव त्या कागदात येण्याचं कारण नव्हतं. धरणाच्या भिंतीवर ज्यांनी सोळा वर्षं दगड वाहिले त्यांचंही तेच. हजेरीपट हा काही कायम जपायचा कागद नव्हे. महसुली दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायमचं, ‘ड’ थोड्याच दिवसांत रद्दी. मजूर बहुधा ‘ड’मध्येच राहिला. याच खोऱ्यात पुढे निळवंड्याचं धरण झालं, तेव्हाच्या विस्थापितांच्या याद्या तरी नावानिशी आहेत. भंडारदऱ्याच्या वेळी पुनर्वसन नावाची कल्पनाच नव्हती.

एक विचित्र गोष्ट इथं ध्यानात येते. गप्प राहिला त्याचं नाव राहिलं नाही, ज्याने सरकारला छळलं त्याचं राहिलं. पेशवाईत या डोंगरातले कोळी नाईक रतनगड, हरिश्चंद्रगड, अलंग, कुलंग अशा किल्ल्यांच्या राखणीला होते. १८१८ मध्ये किल्ले इंग्रजांकडे गेले, शिबंद्या मोडल्या, नेमणुका कापल्या गेल्या आणि असंतोष पेटला. देवगावचे राघोजी भांगरे त्यातून पुढे आले. सावकार आणि सरकार दोघांशी त्यांनी झुंज घेतली आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली, खबरी कोण, आसरा कुणी दिला, नातेवाईक कुठे, सगळं. त्याआधी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा अधिकारी याच डोंगरात बंडांच्या मागावर फिरला आणि १८३६ च्या सुमारास त्याने महादेव कोळ्यांवर एक विस्तृत निबंध छापला. देव, कुळं, लग्न, मर्तिक, शपथा, काही सोडलं नाही. हेतू बंदोबस्ताचा, पण पुढचं गॅझेटियर त्याच्यावरच बेतलेलं आहे. शंभर वर्षांनी डॉ. गो. स. घुर्ये यांनी आणि नंतर डॉ. गोविंद गारे यांनी या समाजावर पुस्तकं लिहिली, ती मात्र आपुलकीने वाचावीत अशी.

साहेबाच्या नातवाचं काम किती सोपं असतं पाहा. त्याचा पणजोबा मुंबई इलाख्यात इंजिनिअर असेल तर त्याचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत ओळीने लावलेल्या आहेत. कबर कुठे आहे ते सांगायला १९७६ पासून खास संस्था आहे, ती दक्षिण आशियातली युरोपीय कब्रस्तानं नोंदवते. नगर शहरातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनाही थोडी अनुकूलता आहे. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ मध्ये आलं, त्यांना अहवाल पाठवण्याची शिस्त होती आणि त्या मिशनच्या मूळ मंडळाचे कागद आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आहेत. नगरच्या एखाद्या शिक्षकाचं नाव तिथं सापडू शकतं, शेजारच्या गल्लीतल्या घरात नाही. शिवाय विलायतेत जनगणनेचे घरवार तक्ते शंभर वर्षांनी लोकांना खुले होतात. आपल्याकडे गणना १८७२ पासून झाली, पण घरवार नावं कुणाला पाहायला मिळत नाहीत, कायद्यानेच ती गोपनीय. हाती उरतात ते नुसते आकडे.

आता दगडांकडे वळू. आपण दहन करणारी माणसं, त्यामुळे आपल्याला कब्रस्तानात जाऊन नाव वाचण्याची सवय नाही. पण म्हणून आपल्याकडे मृतांच्या खुणाच नाहीत असं नव्हे. सह्याद्रीत जुन्या देवळांच्या आवारात, गावच्या शिवेवर, पिंपळाखाली वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं वळवणारे चोर, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. नाव मात्र क्वचितच कोरलेलं. तो वीर कुणाचा हे दगड सांगत नाही, शेंदूर कोण लावतं ते सांगतं. पिढ्यान्‌पिढ्या अमुक एका भावकीनेच त्या दगडाला नारळ फोडायचा असेल, तर ती भावकी आणि तो दगड यांचं नातं शोधण्यासारखं असतं. घरातल्या देव्हाऱ्यातले टाकही पाहावेत. अनेक घरांत त्यात एखादा वीर असतो, घोड्यावर बसलेला, आणि म्हातारीला विचारलं तर ती म्हणते, तो आपल्यातलाच. एक विनंती इथंच करतो. हे दगड ऑइलपेंटने रंगवू नका आणि देवळाच्या जीर्णोद्धारात पायाला घालू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे फोटो काढा, जागा लिहून ठेवा.

हे केवळ हौसेखातर सांगत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत पुरावा म्हणून काय चालेल याची यादी आहे. तिच्यात जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळं आहेत. पूर्वीच्या जमिनीच्या कागदांत नाव असलेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे. दावेदार सोडून इतर वयोवृद्धांचा लेखी जबाबही आहे. ज्या माणसांचे कागद कुणी ठेवलेच नाहीत त्यांच्यासाठी कायद्याने दगडाला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला कागदाची किंमत दिली, हे मला त्या कायद्यातलं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा इथल्या माणसाला ‘आम्ही इथलेच’ हे सिद्ध करावं लागणं ही काल्पनिक गोष्ट नाही.

तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांविषयी पुष्कळ ऐकायला मिळतं. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकचे तीर्थोपाध्ये यजमानांच्या नामावळ्या ठेवतात. गावं वाटून घेतलेली असतात, म्हणून आपलं मूळ गाव आणि जात सांगितली की ते आपापल्या गुरुजींकडे पाठवतात. अस्थी घेऊन गेलेल्या माणसाने आपल्या बापाचं, भावांचं, मुलांचं नाव सांगितलेलं असतं. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या एका वंशावळी संस्थेने काढून नेली, इतकी त्यांची महती. पण त्र्यंबकला जायलाही पैसा लागत होता. डोंगरातल्या सगळ्याच घरांना तो मिळत नव्हता.

या सगळ्यांत बायका कुठे आहेत? ‘कोम’ या शब्दापुढे नवऱ्याचं नाव आलं की तिच्या माहेराचा धागा तुटला. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यामुळे मुलींची नावं वारसनोंदीत यावीत असा त्याचा रेटाही इथं पोचला नाही. तिचं माहेर सापडतं ते ओवीत. जात्यावर बसलेली बाई भावाचं नाव घेते, माहेरच्या वाटेवरचा डोंगर, ओढा, देव सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळापासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. आपल्या आजीची ओवी आपण मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली तर कदाचित एका गावाचं नाव हाती लागेल, आणि मग त्या गावच्या कोतवाल बुकात पाहता येईल.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना साल विचारू नये. त्यांना साल ठाऊक नसतं, प्रसंग ठाऊक असतो. गणनेला येणारे लोकही वय काढायला हीच युक्ती करत. मानमोडीची साथ म्हणजे १९१८. धरणाला लाटसाहेब आला तो १९२६. गांधींना मारलं ते १९४८. दुष्काळात सुकडी खाल्ली, खडी फोडली ते १९७२. ‘लाटसाहेब आला तेव्हा माझा बा गुरं राखत होता’ असं कुणी ऐकलेलं सांगितलं, तर बापाचा जन्म १९१५ च्या आगेमागे धरावा आणि १९१० ते १९२० ही दहा वर्षं त्या गावच्या रजिस्टरात पान न्‌ पान पाहावीत. नक्कल मागण्याच्या अर्जात मूळ महसुली गाव, सालं आणि बापाचं पहिलं नाव, एवढं लिहिलं तरी शिपाई रुमाल काढून देतो. आडनाव मागाहून जुळवता येतं.